चिट मंजूर होईपर्यंत

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीपासून साउथ कॅरोलायनातल्या गूस क्रीकपर्यंत साडेचार तासांचा रस्ता. त्यातला पहिला दीड तास उत्तरा फोनवर लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंशी, शोभनाताईंशी बोलत होती आणि उरलेले तीन तास नवऱ्याशी, कुमारशी बोलत नव्हती.

शोभनाताईंशी बोलणं फार छान झालं. साखरपुड्याच्या मेनूवरूनसुद्धा ज्या दोघींचं जमलं नव्हतं, त्यांचं आज प्रत्येक बाबतीत एकमत होत होतं. सोमवारी संध्याकाळी मुलांनी दोन्ही घरी फोन करून कळवलं होतं, की जूनचं लग्न होणार नाही, येत्या शुक्रवारीच करतोय, लग्नाचं लायसन्स बुधवारी काढतो, यायचं असेल तर या. त्या फोननंतर न्यू जर्सीतल्या आयसेलिनची शोभना आणि कॅरीची उत्तरा एका बाजूला आल्या. चारशे लोकांना तारीख कळवून झाली होती. पुण्याहून आणि नागपूरहून येणारी माणसं व्हिसाच्या मागे होती. शोभनाताईंचे यजमान अरुणराव आईच्या आजारपणासाठी नागपुरात होते, त्यांना चार दिवसांत येणं शक्यच नव्हतं. नेवार्कच्या विमानतळावर गेटपाशी बसून शोभनाताई म्हणाल्या, की आपण दोघी मिळून बोललो तर मुलं ऐकतील. उत्तरा म्हणाली, ऐकायलाच हवं.

आपली स्वानंदी कुणाचं ऐकत नाही, हे मात्र तिने विहिणीला सांगितलं नाही. नऊ महिन्यांपूर्वी युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून ही मुलगी नेव्हीत भरती झाली, तेव्हाही तिने विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

मग फ्लॉरेन्सजवळ गॅस भरायला गाडी थांबली. मागच्या सीटवर डुलकी घेत असलेल्या अहिल्याबाईंनी डोळे उघडले, काच खाली केली आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "कुमार, तिचा जन्माचा दाखला पोचला का रे वेळेवर?"

कुमार पंपावरचे आकडे फार लक्ष देऊन वाचू लागला.

लग्नाच्या लायसन्ससाठी लागणारा तो दाखला त्याने नऊ दिवसांपूर्वी पाठवला होता. म्हणजे त्याला नऊ दिवस माहीत होतं. त्याच्या आईलाही माहीत होतं. उत्तरा तिथून पुढे खिडकीबाहेरची पाइनची झाडं बघत राहिली. अहिल्याबाईंनी तिला समजवायचा एकदा प्रयत्न केला. आयुष्यभर लहान मुलांची डॉक्टरी केलेली ही बाई रागावलेल्या आयांना घाबरत नसे. जून काय आणि शुक्रवार काय, मला दोन्ही सारखेच, पण वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आत्ता नाही तर दोन वर्षांनी, असलं आमंत्रण मी घेत नाही, असं त्या म्हणाल्या. उत्तराने त्यांना पाण्याची बाटली दिली.

*

मुलांनी भाड्याने घेतलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि जवळजवळ रिकामा होता. शोभनाताईंचा मुलगा परीक्षित मंगळवारीच आयसेलिनहून गाडी घेऊन आला होता. त्याच्या सामानात कॉम्प्युटरचे दोन मोठे स्क्रीन, एक कुकर, दोन घडीच्या खुर्च्या, हवा भरायच्या गाद्या आणि जपून आणलेलं कढीपत्त्याचं रोप एवढंच होतं. औषध कंपन्यांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं त्याचं काम घरूनच चालायचं, त्यामुळे स्क्रीन तेवढे आधी मांडून झाले होते. खुर्च्यांवर दोन्ही आया बसल्या. अहिल्याबाई गादीवर बसल्या, आणि आता मला उठवायला दोन माणसं लागतील असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

स्वानंदी पाच वाजता आली. केस घट्ट बांधलेले, खांदे सरळ. आत आल्यावर तिने आधी बूट काढून भिंतीला समांतर लावले, मग बाकीच्यांचेही लावले. ज्या मुलीच्या खोलीचं दार आपण सामानामुळे उघडू शकत नव्हतो ती हीच, असं उत्तराच्या मनात आलं, आणि ते तिला आवडलं की नाही हे तिचं तिलाच ठरवता येईना.

स्वानंदीने बसून सगळं नीट सांगितलं. नेव्हीची पहिली शाळा संपली होती. सोमवारी दुसरी सुरू होणार होती. जहाजावरची अणुभट्टी चालवायचं ते शिक्षण सहा महिन्यांचं, आणि त्यात रजा नाही. जूनमध्ये ती स्वतःच्या लग्नाला येऊ शकली नसती. त्यानंतर आणखी सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग जहाज. लग्न न झालेल्यांना बेसवरच्या बरॅकमध्येच राहावं लागायचं, लग्न झालेल्यांना बाहेर घर करता यायचं.

"मग डिसेंबरमध्ये करू," उत्तरा म्हणाली. "तेव्हा सुट्टी असते ना?"

"मिळाली तर असते. आणि तोपर्यंत निम्म्याहून जास्त वर्ष संपलं." स्वानंदीचा आवाज चढला नाही. "आई, एकदा शिपवर गेले की मी सहा-सहा महिने नसणार. त्याच्या पुढचं मला काहीच माहीत नाही. हे एकच वर्ष असं आहे, ज्यात मी रोज घरी येऊ शकते. ते मला बरॅकमध्ये नाही घालवायचं."

साडेचार तासांत उत्तराने बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही याच्यापुढे टिकण्यासारखं नव्हतं. तिने मदतीसाठी शोभनाताईंकडे बघितलं. पण शोभनाताई स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन उभ्या होत्या. तिथे परीक्षित एक सरकारी फॉर्म भरत होता आणि त्या चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून तो वाचत होत्या.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

नेव्हीचं ओळखपत्र मिळायला हा फॉर्म लागतो, परीक्षितने सांगितलं. लग्न झालं की लगेच द्यायचा, म्हणून तो आत्ताच भरून ठेवत होता. वरच्या चौकटीत स्वानंदीचं नाव होतं, त्याच्या डोक्यावर छापलं होतं 'स्पॉन्सर'. खालच्या चौकटीत त्याचं नाव होतं आणि त्यावर छापलं होतं 'डिपेंडंट'.

तो म्हणाला की हा नुसता शब्द आहे, सगळ्यांच्याच नवरा-बायकोला तो लावतात. शोभनाताईंनी चष्मा काढला. माझा मुलगा कुणाचाही डिपेंडंट होणार नाही, त्या म्हणाल्या. मग उत्तराकडे वळून त्यांनी सुनावलं, "तुमची मुलगी बंदूक घेऊन पुढे चालणार आणि माझा मुलगा मागून सामान वाहणार, हे मला तुम्ही साखरपुड्याच्या वेळी नाही सांगितलं."

तीन दिवसांपासून या दोघी एका बाजूला होत्या, आणि लग्न थांबवायला हे कारण मिळतंय तर उत्तराने ते घ्यायला हवं होतं. पण ती खुर्चीतून उठली.

"ती बंदूक चालवत नाही, शोभनाताई. ती रिअॅक्टर चालवायला शिकतेय," उत्तरा म्हणाली. "वर्गात चाळीस जण होते, त्यात ती तिसरी आली. आणि सामान घेऊन मागे जाण्याचं म्हणाल तर मी पुण्याहून दोन बॅगा घेऊन कुमारच्या मागे आलेच ना? तेव्हा नाही कुणाला खटकलं."

कुमारने मान वर केली. स्वानंदी आईकडे बघतच राहिली. नऊ महिन्यांत उत्तराने 'नेव्ही' हा शब्द घरात उच्चारला नव्हता, आणि आता तिला लेकीचा वर्गातला नंबरसुद्धा पाठ होता.

शोभनाताईंनी पर्स उचलली आणि त्या दार उघडून बाहेर गेल्या.

*

त्या फार लांब गेल्या नाहीत. बिल्डिंगच्या जिन्यात, खालून चौथ्या पायरीवर बसल्या. समोर छोटा स्विमिंग पूल होता, त्यावर अजून हिवाळ्याचं आवरण होतं. कुठल्या तरी घरातून ड्रायरचा गरम, साबणाचा वास येत होता. आपण बोललो त्यातलं निम्मं आपल्याला म्हणायचंच नव्हतं, हे शोभनाताईंना पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. जे म्हणायचं होतं ते कसं म्हणतात, ते मात्र त्यांना येत नव्हतं.

थोड्या वेळाने स्वानंदी खाली आली. तिला आठच्या आत बेसवर पोचायचं होतं, तोपर्यंत इथे बसू का, असं तिने विचारलं. शोभनाताईंनी पदर सावरल्यासारखी ओढणी सावरून जागा केली. स्वानंदी त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. ती काही समजावायला लागली असती तर शोभनाताई उठून गेल्या असत्या. ती गप्प राहिली म्हणून त्या बोलू लागल्या.

नागपुरात त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. लग्न होऊन आयसेलिनला आल्या तेव्हा अरुणरावांच्या व्हिसावर नोकरी लिहिली होती आणि शोभनाताईंच्या व्हिसावर डिपेंडंट. त्या व्हिसावर काम करायला बंदी होती. बँकेत गेलं, दवाखान्यात गेलं, लायब्ररीचं कार्ड काढायला गेलं, तरी तोच शब्द. सात वर्षं. परीक्षित झाला तेव्हा त्याला बाबागाडीत घालून त्या ओक ट्री रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या आणि साड्यांच्या दुकानात शिरून उगाच दुसरा रंग आहे का म्हणून विचारायच्या, कारण तेवढंच कुणी तरी बोलायचं. पुढे परवाना मिळाला, लॅबमध्ये नोकरी लागली, सगळं चांगलं झालं. आज त्यांच्या हाताखाली बारा माणसं होती.

"पण ती सात वर्षं कुठे गेली, ते मला अजून सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला लाज नाही वाटत गं त्याची. मला भीती वाटते. तो बोलत नाही. बापावर गेलाय."

"तो एकटा पडेल, मावशी. ते खरं आहे," स्वानंदी म्हणाली. "मी दिवसाचे बारा तास त्या बिल्डिंगमध्ये असणार. पुस्तकंसुद्धा घरी आणता येत नाहीत, काय शिकले तेही सांगता येणार नाही. मी हे सगळं त्याला सांगितलंय. तो एकटा पडणार नाही असं प्रॉमिस मी तुम्हाला करू शकत नाही." मग तिने विचारलं, "तुम्हाला तेव्हा काय हवं होतं?"

हे शोभनाताईंना कुणी कधी विचारलं नव्हतं. 

"संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी विचारायला हवं होतं, आज काय केलंस म्हणून. मी काही सांगितलंच असतं असं नाही. पण विचारायला हवं होतं."

"मी विचारीन."

"आणि तो म्हणाला, काही नाही, तर?"

"तर परत विचारीन."

वर पायऱ्यांवर कुणी तरी घसा खाकरला. परीक्षित दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले घेऊन उभा होता आणि बहुधा बराच वेळ उभा होता. तो खाली आला, एक पेला आईला दिला, एक स्वानंदीला. तो म्हणाला की मी दोन महिने विचार केलाय. माझं काम जिथे जाईन तिथे चालतं. आणि एखाद्या दिवशी नाहीच जमलं, तर मी बोलेन. तुमच्या दोघींशीही बोलेन. एवढं सलग तो आईशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

शोभनाताईंनी चहाचा घोट घेतला आणि साखर जास्त झाली असं सांगितलं. मग विचारलं, "उद्या किती वाजता आहे?"

*

लग्न लावणार होत्या मिस लोरेटा. त्या अपार्टमेंटच्या ऑफिसच्या मॅनेजर, साठीच्या, ऐसपैस, मोठ्याने हसणाऱ्या. साउथ कॅरोलायनात नोटरीला लग्न लावता येतं आणि मिस लोरेटा नोटरी होत्या. मंगळवारी परीक्षितच्या हातात घराची किल्ली देताना त्यांना सगळी हकिगत कळली, तेव्हा कोर्टात कशाला जाता, आपल्या क्लबहाउसमध्येच या, असं त्यांनी सुचवलं होतं.

शुक्रवारी पाच वाजता स्वानंदी बेसवरून थेट पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये आली. परीक्षितने जूनसाठी शिवलेला कुर्ता घातला होता. त्याच्या चुण्या काढायला शोभनाताईंनी सकाळी उत्तराच्या मदतीने शेजाऱ्यांकडून इस्त्री मागून आणली होती. कालच्या भांडणाबद्दल दोघीही काही बोलल्या नव्हत्या, फक्त इस्त्री करताना शोभनाताईंनी विचारलं, चाळिसात तिसरी म्हणजे पहिले दोघं कोण होते? दोन्ही मुलगे, उत्तरा म्हणाली. त्यावर शोभनाताईंनी तोंडाने नापसंतीचा आवाज काढला, आणि तिथे समेट झाला.

क्लबहाउसमध्ये आल्यावर उत्तराने पर्समधून मंगळसूत्राची डबी काढली. शोभनाताईंनी आपल्या पर्समधून कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी काढली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघीही घरून लग्न थांबवायला निघाल्या होत्या.

अहिल्याबाईंना अंतरपाट हवा होता. शालीबिली कुणी आणल्या नव्हत्या आणि चादर एकच होती, ती गादीवर होती. कुमार वर धावत जाऊन जे सापडलं ते घेऊन आला. न्हाणीघराचा नवा पडदा, अजून पाकिटातला, घड्या पडलेला, त्यावर निळे मासे. त्याचं एक टोक त्याने धरलं आणि दुसरं मिस लोरेटांनी. कॉफीच्या मशीनला टेकवून ठेवलेल्या फोनवर नागपूरहून अरुणराव दिसत होते. तिथे पहाटेचे अडीच वाजले होते, पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भांग पाडला होता.

अहिल्याबाईंनी मंगलाष्टकं सुरू केली. आवाज थकलेला होता पण सूर पक्का होता. दर वेळी 'सावधान' झालं की मिस लोरेटांना वाटायचं संपलं, आणि त्या पडदा खाली घ्यायच्या. कुमार डोळ्यांनी खुणावून तो पुन्हा वर करायला लावायचा. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर अहिल्याबाई थांबल्या. पुढचे शब्द येईनात. त्यांनी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. तेव्हा शोभनाताईंनी ते कडवं उचललं आणि खणखणीत आवाजात पुढे नेलं. शेवटच्या ओळीला उत्तराही मिसळली, बरीच बेसूर. कुणाचं काही अडलं नाही.

पडदा खाली आला. स्वानंदी इतका वेळ परेडला उभी असावी तशी उभी होती, ती परीक्षितला बघून हसायला लागली, आणि तो आधीपासूनच हसत होता. अक्षता टाकून झाल्यावर मिस लोरेटांनी आपली चार वाक्यं म्हटली, दोघांनी 'आय डू' म्हटलं, आणि कागदावर सही करताना त्या म्हणाल्या, की या क्लबहाउसमध्ये एवढं सुंदर गाणं आजपर्यंत झालेलं नाही.

*

एक गोष्ट राहिली होती. लग्न झालं, तरी बेसच्या बाहेर राहायची परवानगी यायची होती. त्यासाठी जो अर्ज द्यायचा त्याला नेव्हीत चिट म्हणत. हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेलाय असं कळल्यापासून अहिल्याबाई खूश होत्या. ही चिट स्वानंदीच्या चीफकडून वरच्या अधिकाऱ्याकडे, तिथून आणखी वर अशी हातोहात जाणार होती आणि सोमवार-मंगळवारच्या आधी मंजूर व्हायची नव्हती. तोपर्यंत नवी नवरी बरॅकमध्येच झोपणार होती.

म्हणून साडेसातला कुमारने गाडी काढली आणि सगळे तिला बेसच्या गेटवर सोडायला गेले. सूर्य मावळतीला आला होता. शोभनाताईंनी पुऱ्यांचा डबा तिच्या हातात दिला. अहिल्याबाईंनी गाडीतूनच डोक्यावर हात ठेवला. उत्तराने लेकीच्या पाठवणीला रडायचं असं गेली वीस वर्षं गृहीत धरलेलं होतं. तिने रुमालही काढला. पण स्वानंदी ओळखपत्र दाखवून आत गेली, वळून हात केला, आणि बाहेरच्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या रेषेपाशी थांबलेला परीक्षित हमसून रडायला लागला. गेटवरच्या पहारेकरी बाईने त्याला काय झालं म्हणून विचारलं. त्याने सांगितल्यावर तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

उत्तराला हसू आवरेना. शोभनाताईंनाही आवरेना. दोघी गाडीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

परतताना उत्तरा पुढे बसली. दोन दिवसांत ती नवऱ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलली. "पुढच्या वेळी मलाही सांग," ती म्हणाली. पुढची वेळ कसली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण कुमार लगेच हो म्हणाला. त्या रात्री नवरदेव सासरेबुवांच्या शेजारच्या गादीवर झोपला.

*

रविवारपर्यंत सगळे आपापल्या घरी गेले. चिट मंगळवारी दुपारी मंजूर झाली.

परीक्षित तिला गेटवरून घेऊन आला तेव्हा साडेसहा झाले होते. हिरवी लांबलचक पिशवी तिने स्वतःच खांद्यावरून वर आणली. नव्या शाळेचा दुसरा दिवस होता आणि ती पहाटे साडेचारला उठलेली होती. कुकरमध्ये खिचडी तयार होती. ती म्हणाली, पाच मिनिटं पाठ टेकते. खोलीत टेबल आलं होतं, पण सोफा अजून यायचा होता. ती भिंतीशी कार्पेटवरच बसली आणि पायातले बूट काढायच्या आत बसल्या जागी झोपली.

परीक्षित गाडीत राहिलेली खोकी आणायला खाली गेला. दोन खोकी एकावर एक घेऊन वर आला, हात मोकळा नव्हता म्हणून त्याने दार खांद्याने ढकललं आणि ते भिंतीवर आपटलं.

स्वानंदी ताडकन उठून उभी राहिली. टाचा जुळलेल्या, हात बाजूला, नजर समोर, डोळे पुरते उघडलेलेसुद्धा नव्हते. दोन-तीन क्षण ती तशीच उभी होती. मग तिला समोर खोक्यांच्या मागे परीक्षितचं अर्धं डोकं दिसलं.

त्याने खोकी खाली ठेवली. तो हसला नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर अजून खरोखरच कुणी अधिकारी येऊन उभा असल्यासारखा भाव होता.

"इथे कुणी आत आलं तर उठून उभं राहायचं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "इथे कुणीच नाही राहत उभं."

तिने मान हलवली. मग ती हळूच, सवय नसल्यासारखी, परत खाली बसली, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.